पाऊण गोळी

दत्तू,

तुझ्या दशक्रियेला घाटावर माझ्या हातात माइक दिला, ही चूक माझी नाही. माझी चूक त्यानंतरची. आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. प्रवचन संपतं, आणि मग आजी, माजी, भावी असे सगळे पुढारी एकेक करून उठतात आणि श्रद्धांजली वाहतात. तुझ्यासाठीही रांग लागली होती. एकाने तुला कुस्तीक्षेत्रातला हिरा म्हटलं. तू आयुष्यात लाल माती पाहिलीस ती फक्त कुंडीत. मग कोणीतरी म्हणालं, "आता दत्तूभाऊंचे टूलरूममधले जोडीदार सुरेशभाऊ दोन शब्द बोलतील." मी उठलो. समोर सगळं तळवडे गाव बसलेलं. आणि मला भाषणाची सवय एकाच प्रसंगाची, कंपनीतल्या निरोप समारंभाची. तुझ्या हातातली सफाई सांगितली, तुझा स्वभाव सांगितला, आणि शेवटी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "दत्तात्रय यांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे तुझ्या बायकोला विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.

म्हणून आता लिहून काढतोय. खरं तर माइकवर जे बोलायचं होतं ते तुझ्याबद्दल नव्हतंच, स्वराबद्दल होतं. गेलं वर्षभर तू तुझ्या नातीच्या औषधाशिवाय दुसरं काही बोललाच नव्हतास. तिथे बसलेल्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं की गोळ्या कापता कापता हा माणूस गेला. त्यांना वाटतं, हार्ट अटॅकने गेला.

तुझ्या महेशला टीबी झाला तेव्हा तू मला सांगितलंस तेही रिटायर झाल्यावर घराला लागून टाकलेल्या तुझ्या शेडमध्ये, मशीन चालू असताना, म्हणजे मला ऐकू येऊ नये अशा बेताने. मुलगा-सून चाकणला राहायचे, कंपनी तिकडे म्हणून. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी, असं निदान झालं. तू ताबडतोब जाऊन स्वराला उचलून आणलंस. "पोरीला लागायला नको." सहा वर्षांची, दोन वेण्या, आणि आल्या आल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कोण? यांचे दात असे का?" तंबाखूमुळे, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या दिवसापासून मी सुरेश आजोबा, आणि माझे दात हा घरातला कायमचा विषय.

महेशला औषध मिळालं, हे सांगितलंच पाहिजे. मोठ्या माणसांच्या गोळ्या होत्या, वेळेवर मिळाल्या, फुकट मिळाल्या. पोटात मळमळायचं, पायांत मुंग्या यायच्या, पण पोरगं उभं राहिलं. परत शिफ्टला जायला लागलं. तू पेढे वाटलेस. आणि पेढे संपायच्या आत स्वरा खोकायला लागली. आणली तेव्हाच लागलेलं होतं तिला.

बेडका तपासायला आणा, दवाखान्यात म्हणाले. आता एवढी पोरं खोकतात आणि गिळून टाकतात, थुंकायचं त्यांना कळतच नाही. मी पुढे झालो. थुंकण्याच्या बाबतीत तळवड्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. शेडच्या मागे मी तिचा क्लास घेतला. "हे बघ, आधी छातीतून आवाज काढायचा, मग घशात आणायचं." आणि असा काही जोरात खाकरलो की मला ठसकाच लागला, डोळे पांढरे झाले, तू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आलास. स्वराने टाळ्या वाजवल्या. "सुरेश आजोबा, पुन्हा!" तिच्या डबीत आली ती नुसती लाळ. आपण ती घेऊन गेलो. तिथला माणूस डबीकडे बघून म्हणाला, "ही लाळ आहे, चालत नाही. आणि काका, तुम्ही एवढे खोकताय, तुमचाही नमुना देऊन टाका." माझा नमुना एकदम हवा तसा निघाला, घट्ट, भरपूर. त्यात जंतू मात्र नव्हता. जिच्यात होता तिला तो बाहेर काढता येत नव्हता.

मग सकाळी उपाशीपोटी तिच्या नाकातून नळी घातली, पोटातलं पाणी काढलं. तू तिचे हात धरले होतेस. मी दाराबाहेर उभा राहून भिंतीवरच्या सूचना वाचत होतो, कारण मी भित्रा आहे. त्या पाण्यातही काही सापडलं नाही. छातीच्या फोटोत डाग होता, म्हणून नेहमीचा टीबी धरून नेहमीचं औषध सुरू झालं. बापाला टीबी होता हे आपण सांगितलं होतं. कसला होता, हे सांगायचं आपल्याला सुचलं नाही आणि विचारायचं त्यांना. महेशचं नाव चाकणच्या दवाखान्यात, ग्रामीणच्या यादीत. स्वराचं इथे, महापालिकेत. जंतूला मधली इंद्रायणी ओलांडायला कोणाची परवानगी लागली नव्हती.

कित्येक महिने पोरगी चुकीच्या गोळ्या इमानेइतबारे खात होती आणि वाळत होती. तिचा शाळेचा पट्टा तू दर थोड्या दिवसांनी नवं भोक पाडून घट्ट करायचास. पंचने, नेमकं मध्यावर. शेवटी एक नवीन डॉक्टर बाई आल्या, तरुण, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वडिलांना कोणत्या गोळ्या चालू होत्या?" तू नावं सांगितलीस. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्या बाईंबद्दल माझी काही तक्रार नाही, दत्तू. तुझीही नव्हती. त्यांनी सरळ सांगितलं, "हिलाही वडिलांचाच टीबी धरून औषध द्यायचं. त्याची मुलांसाठी वेगळी गोळी असते, पाण्यात विरघळणारी. मागणी पाठवलीय. पण आत्ता आपल्याकडे नाही. तोवर मोठ्यांची गोळी तोडून द्यावी लागेल. हिच्या वजनाला पाऊण."

"तोडायची कशानं?" तू विचारलंस.

"सुरीने."

तुझा चेहरा मी पाहिला. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये काम केलेल्या माणसाला 'सुरीने' ही शिवी होती.

दुसऱ्या दिवशी तू चालू प्रेस टूल बाजूला सारलंस आणि गोळी पकडून कापायचं फिक्स्चर करायला घेतलंस. मी म्हटलं, आधी गोळीचं माप तर घेऊ. मायक्रोमीटर लावला, जरा जास्त फिरवला, आणि गोळीचा भुगा.

"आरं ती गोळी हाय, बेअरिंग न्हाई!"

मग तू तुझं फिक्स्चर लावलंस. गोळीच्या आकाराचा खळगा, वरून धार दिलेलं पातं, आणि जॉब, म्हणजे इथे गोळी, हलू नये म्हणून क्लॅम्प. आपल्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं, कापायच्या आधी जॉब घट्ट पकडा. तू घट्ट पकडलास. दुसऱ्या गोळीचाही भुगा.

"बेअरिंग न्हाई रे ती," मी म्हटलं.

"गप ऱ्हा."

शेवटी नायलॉनचे पॅड लावल्यावर जमलं. सोनाराचा छोटा वजनकाटा आणलास. पाऊण तुकडा काट्यावर ठेवून, कडेचा भुगा ब्रशने गोळा करून त्यात मिळवायचा, पुन्हा वजन. फिक्स्चर रोज स्पिरिटने पुसायचं. त्या टेबलाजवळ मला तंबाखू मळायला बंदी. काम देणाऱ्या एखाद्या पार्टीचा फोन आला तर तू सांगायचास, "आता न्हाई जमायचं, एक्स्पोर्टचं काम चालू हाय." मी हसायचो. पण खरं सांगू, तुझा एवढा हेवा मला कधीच वाटला नव्हता. सुबक काम होतं रे ते. पोरीच्या औषधाचं फिक्स्चर बघून माणसाला सुबक वाटावं, ही आपली टूलरूमवाल्यांची जात.

कापलेली गोळी पोटात जाणं ही वेगळीच लढाई. तुटली की तिच्यावरचं आवरण जायचं आणि आतलं कडूजहर बाहेर. गुलकंदात, श्रीखंडात, केळ्यात, सगळं करून झालं. स्वरा लाथा मारायची. तुझा चष्मा दोनदा फुटला. माझ्या बोटाला ती अशी चावली की मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो. एकदा मी शहाणपणा केला. "एवढं काय त्यात? हे बघ, मी खातो." आणि काट्यावरचा भुगा जिभेने चाटला. दत्तू, मी काय काय चाखलंय ते तुला माहीत आहे, पण ते कडू कानापर्यंत गेलं. मी मोरीकडे पळालो, वाटेत बादलीला अडखळलो, बादलीसकट आत गेलो. स्वरा हसत सुटली, तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडात तू चमचा घातलास. मग तो नियमच झाला. "आधी सुरेश आजोबा तोंड वाकडं करणार." रोज सकाळी मी रिकामा चमचा चाटून मोरीकडे पळायचो. या वयात मला कायमची नोकरी लागली.

दुसऱ्या एका औषधाची मऊ, तेलकट कॅप्सूल होती. तिला कापणं तुलाही जमलं नाही. बाई म्हणाल्या, दिवसाआड द्या. त्या कॅप्सूलने पोरीचा रंग बदलायला लागला. आधी तांबूस, मग काळपट. शाळेतून तर नाव केव्हाच निघालं होतं, पण गल्लीतली पोरं विचारायची. एक दिवस आरशासमोर उभी राहून तुला म्हणाली, "आजोबा, मी तव्यावर जास्त वेळ राहिले का?" तू तुझा हात तिच्या हाताला लावलास. "आन मी? मला तर तुझी आजी तव्यावर इसरूनच गेली." ती हसली. तू ग्राइंडर चालू केलास. त्यावर कुठलाच जॉब नव्हता.

मग तो दिवस. तू कापलेले तुकडे छोट्या डबीत घालून डॉक्टर बाईंना दाखवायला नेलेस. इन्स्पेक्शनला जॉब न्यावा तसे. बाईंनी एकेक तुकडा उचलून पाहिला. "काका, मी असं काम पाहिलं नाही," म्हणाल्या. तुझी छाती फुगली, मी पाहिलं. मग डबी परत देत म्हणाल्या, "पण तुम्हाला खोटं सांगू नये. ही गोळी तोडण्यासाठी बनवलेलीच नाही. तुकडे सारखे आहेत म्हणजे प्रत्येकात औषध तेवढंच आहे, याची खात्री मी देऊ शकत नाही. आणि ती अर्धं ओकून टाकते. नेमकं किती पोटात जातं, मलाही माहीत नाही."

आपली सगळी विद्या एका गोष्टीवर उभी, की पोलादाचा बार कुठेही कापा, आत तेच पोलाद. ती त्या खोलीत संपली. येताना सिग्नलला थांबलो तेव्हा स्कूटरच्या मागच्या सीटवरून तू विचारलंस, "मग आपण मोजत काय हुतो रं?"

मी म्हटलं, "सिग्नल सुटला."

त्यानंतर मी माझी ओळख वापरायची ठरवली. पिंपरी-चिंचवडात ओळख नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. पांढरा शर्ट घालून मी तुला एका पुढारी भाऊंकडे नेलं. भाऊ फार अगत्याने बोलले. मी गोळीचं सगळं सांगितलं, वजन, विरघळणं, मागणी. भाऊ ऐकत होते, मान हलवत होते, आणि फोन उचलून म्हणाले, "एक बेड पाहिजे. लगेच. आपल्या घरचं पेशंट आहे." बेड पंधरा मिनिटांत मिळाला. त्यांच्याकडे रोज येणारा माणूस बेडच मागायला येत असणार. नसलेली गोळी कोणी मागेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. मी आभार मानून, पाया पडून बाहेर आलो.

"काय करायचं त्या बेडचं?" तू म्हणालास. "त्याच्यावर गोळीचा फोटो ठिवायचा?"

आपलं खरं भांडण झालं ते त्या संध्याकाळी. मी म्हटलं, बस झालं फिक्स्चर, आता रोज जाऊन त्यांच्या दारात बसू, वर तक्रार करू, पेपरवाल्याला बोलवू. तू म्हणालास, आरडाओरडा करून गोळी येत न्हाई. मी म्हटलं, कापून तरी कुठे येते? तू पॅड बदलत होतास, वर बघितलंही नाहीस. मला राग आला. म्हटलं, "दत्तू, गोळ्या बनवणं ही आपली कामं नाहीत."

"मग कुनाची?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून द्यायचंय. मी रोज नवीन तयार करतो. सरकारचं म्हणतो, कंपनीचं म्हणतो, साठा करणाऱ्याचं, मागणी पाठवणाऱ्याचं, ती मंजूर करणाऱ्याचं. सगळी खरी आहेत. आणि सकाळी सात वाजता त्यातलं कोणी तुझ्या मोरीजवळ नसायचं. आपण दोघं असायचो, भुगा ब्रशने गोळा करत.

तुझे उपकार मी कधी बोललो नाही. कंपनीत माझ्या हातून डाय फुटली होती तेव्हा सुपरवायझरसमोर तू नुसतं म्हणालास, "मटेरियल खराब हुतं." तो बघतच राहिला, कारण मटेरियल तूच तपासलं होतंस. माझी नोकरी राहिली, तुला बोलणी बसली. मी तुला विचारलं, का रे? तर म्हणालास, "तुझ्याशिवाय डबा खाताना हसायचं कुनाला?" एवढ्याच कारणासाठी तू मला आयुष्यभर जवळ ठेवलंस. माझ्या मूर्खपणाचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी केला नाही.

मग कुठून तरी तुझ्या कानावर आलं की मुलांची गोळी चाकणच्या बाजूला आलीय. मला न सांगता गेलास. मला सांगितलं असतंस तर मी पांढरा शर्ट घालून आलो असतो, ही भीती असणार. दुपारी तुझा फोन आला, मागे ट्रकचे हॉर्न.

"सुऱ्या, हाय रं. गोळी हाय. बघितली म्या."

"दिली?"

"न्हाई. म्हनले, आमच्या हद्दीतल्या पोरांसाठी आलीय. पोरीचं नाव हिकडं आनायचं आधी. मंग बघू."

"आणू की मग."

"आनू. एवढीशी हाय रं ती. पांढरी. रेघ बी हाय मधी, पायजे तर हातानं मोडती." मागचे हॉर्न वाढले. "लई गरम व्हतंय हितं. चौकात आडकलोय. रिक्षा हालंना."

मी म्हटलं, "चाकणच्या चौकात अडकला नाही असा माणूस नाही. पाणी पी." हे मी तुला शेवटचं बोललो. इतरांचे शेवटचे शब्द कसे असतात मला माहीत नाही. माझे ट्रॅफिकबद्दल होते.

पुढचं तुला सांगायचंय, म्हणून तर बसलो. तुझे दिवस चालू असतानाच महेश स्वराला चाकणला घेऊन गेला. नाव तिकडे गेलं. तू रडून, धावून जे झालं नाही ते पोरगी तुझ्या घरातून निघाल्यावर झालं. मधल्या गडबडीत तिचं औषध काही दिवस बंद पडलं. फिक्स्चर होतं, ते चालवणारा नव्हता. मी एकदा प्रयत्न केला. काय झालं ते तू ओळखशील. तिकडच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला. महेशला बाजूला घेऊन सांगितलं. दोन्ही फुप्फुसं. औषध देत राहू, पण फार आशा ठेवू नका, मुलांचं योग्य औषध लवकर सुरू व्हायला लागतं. महेश हे मला सांगताना स्वतःचे दंड चोळत होता. त्याचे दंड आता चांगले भरलेत. त्याच आजारातून, त्याच घरात, मोठा म्हणून तो वाचला.

काल मी चाकणला गेलो होतो. सकाळचं औषध द्यायची वेळ होती. सुनेने स्टीलच्या चमच्यात पाणी घेतलं, गोळी टाकली. मी बघत होतो. कापायची नाही, वजन नाही, ब्रश नाही. तिने एक जांभई दिली तेवढ्यात गोळी विरघळली. एवढं सोपं होतं, दत्तू. मला त्या चमच्याचा इतका राग आला की मी हात मागे बांधले.

मी स्वराजवळ जाऊन रिकामा चमचा चाटला, तोंड वाकडं केलं, मोरीकडे पळायची तयारी केली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग आईने चमचा पुढे केला आणि तिने तोंड उघडलं, गिळलं, आणि उशीवर मान टाकली. लाथ नाही, चावणं नाही, ओकणं नाही. सून खूश झाली. "बघा काका, किती शहाण्यासारखी घेते आता."

गोळी चांगली आहे म्हणून भांडली नाही, की भांडायला पोरीत काही उरलंच नाही, ते मला कळलं नाही. मी उगाच थोडा वेळ बसून राहिलो, ती लाथ मारते का बघत.

— सुऱ्या